डोंगर पोखरून पाल

‘डोंगर पोखरून उंदीर काढणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग आपण सर्वांनीच शाळेत केलेला आहे. १९९८ साली अमेरिकेतील ट्रायस्टार या चित्रपटसंस्थेने सुमारे १३ कोटी डॉलर खर्चून असाच एक डोंगर पोखरला. त्यातून उंदीर मात्र निघाला नाही. निघाली ती पाल. वीस मजली उंच, न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून धावणारी, पण तरीही पालच. त्या चित्रपटाचे नाव ‘गॉडझिला’.

चित्रपट पडतात, त्यात नवल ते काय? दर शुक्रवारी कुठला ना कुठला चित्रपट पडतच असतो. त्यासाठी महाविद्यालयाच्या वार्षिकांकाची पाने खर्ची घालण्याचे प्रयोजन काय, असे एखादे प्राध्यापक विचारतील आणि त्यांचे विचारणे रास्तच ठरेल. प्रयोजन असे आहे : हा चित्रपट ज्या मूळ जपानी चित्रपटाचा नवा अवतार म्हणून आला, तो १९५४ सालचा ‘गोजिरा’ आणि हा अमेरिकन अवतार पाठोपाठ पाहिले म्हणजे एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही. मूळ चित्रपटात एक माणूस रबराचा पोशाख चढवून खेळण्यातल्यासारख्या घरांमधून चालतो, आणि आपल्याला भीती वाटते. नव्या चित्रपटात संगणकाने घडवलेला, अंगावरचा खवला न् खवला खरा भासणारा प्राणी येतो, आणि आपल्याला जांभई येते. असे का व्हावे?

आमच्या वसतिगृहातील खोलीत एका पावसाळी शनिवारी आम्ही चौघांनी हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले. आधी नवा, मग जुना. नवा संपला तेव्हा माझा धारवाडकडचा मित्र कूस बदलत एवढेच म्हणाला, “इष्टेना?” म्हणजे, एवढेच? जुना संपला तेव्हा मात्र तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “ती बाई आपल्या मुलांना जवळ घेऊन काय सांगत होती रे?” त्याचे ते ‘इष्टेना’ आणि त्याचा हा प्रश्न, या दोहोंच्या मध्ये नेमके काय आहे, याचा शोध म्हणजे हा लेख.

राखेचा पाऊस

गोष्टीची सुरुवात चित्रपटात नाही, समुद्रात आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी कंकणद्वीपावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोटाची शक्ती पाच-सहा मेगाटन असेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती १५ मेगाटन भरली. हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बच्या जवळजवळ हजारपट! त्या वेळी तेथून सुमारे दीडशे किलोमीटरवर, अमेरिकेने जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर, ‘दाइगो फुकुर्यू मारू’ हे जपानी मासेमारी जहाज ट्यूना पकडत होते. जहाजाच्या नावाचा अर्थ ‘सुदैवी ड्रॅगन, क्रमांक पाच’. सूर्योदयापूर्वीच पश्चिमेकडे आकाश उजळले आणि काही तासांनी जहाजावर पांढऱ्या राखेचा पाऊस पडू लागला. ती राख म्हणजे स्फोटाने उधळलेल्या प्रवाळाची किरणोत्सारी भुकटी होती. जहाजावरील तेवीसही जण आजारी पडले. बिनतारी यंत्र सांभाळणारे आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबर १९५४ रोजी मरण पावले.

जपानमध्ये या घटनेने काय झाले असेल याची कल्पना करता येईल. हिरोशिमा आणि नागासाकीला तेव्हा नऊ वर्षेही पुरी झाली नव्हती. आता बाजारातला मासाही संशयास्पद ठरला. टोकियोच्या सुगिनामी भागातील गृहिणींनी बॉम्बविरोधी सह्यांची मोहीम सुरू केली आणि वर्षभराच्या आसपास त्या सह्या तीन कोटींवर गेल्या. या घटनेचे पडसाद आपल्याकडेही उमटले होते. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत निवेदन करून, निदान अशा चाचण्या तरी आहे त्या जागी थांबवा, असे आवाहन बड्या राष्ट्रांना केले.

त्याच सुमारास तोहो या जपानी चित्रपटसंस्थेचे निर्माते तोमोयुकी तानाका यांचा इंडोनेशियाबरोबर ठरलेला एक चित्रपट ऐनवेळी रद्द झाला. हाती तारखा होत्या, पैसा होता, पण विषय नव्हता. परतीच्या विमानातून खालचा समुद्र पाहताना त्यांना सुचले की, या पाण्याच्या तळाशी काही झोपलेले असेल आणि बॉम्बने ते जागे झाले असेल तर? कल्पना अगदीच स्वयंभू होती असे नव्हे. १९३३ चा ‘किंग काँग’ १९५२ साली पुन्हा प्रदर्शित होऊन खूप चालला होता. आणि १९५३ साली अणुचाचणीने बर्फातून जागा झालेला एक प्राचीन सरपटणारा प्राणी अमेरिकन पडद्यावर न्यूयॉर्कमध्ये शिरलाही होता. तेव्हा उसनवारी येथेही होतीच. पण उसन्या भांड्यात तानाकांनी जे ओतले ते घरचे होते, आणि घरच्या दुःखाचे होते.

दिग्दर्शक इशिरो होंडा हे चीनमधील युद्धकैदेतून सुटून १९४६ साली मायदेशी परतले, तेव्हा त्यांनी हिरोशिमाची राखरांगोळी डोळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘गोजिरा’ची पहिलीच दृश्ये अशी आहेत : मालवाहू जहाजाच्या डेकवर खलाशी निवांत बसले आहेत, अचानक समुद्रातून डोळे दिपवणारा प्रकाश येतो आणि जहाज पेटते. आठ महिन्यांपूर्वीची वर्तमानपत्रे ज्यांनी वाचली होती, त्या प्रेक्षकांना हे काय चालले आहे ते सांगण्याची गरज नव्हती. पुढे एका आगगाडीतील तरुणी सहज बोलता बोलता म्हणून जाते की, नागासाकीतून तर कशीबशी वाचले. इस्पितळात एका लहान मुलीसमोर किरणोत्सार मोजण्याचे यंत्र धरले जाते आणि डॉक्टर नुसती मान हलवतात. आणि टोकियो जळत असताना एक विधवा आई रस्त्याकडेला मुलांना कुशीत घेऊन बसलेली दिसते. माझ्या मित्राने जिच्याविषयी विचारले ती हीच. ती मुलांना सांगते आहे की, आता थोडाच वेळ, मग आपण बाबांकडे जाऊ.

मार्च १९४५ मध्ये एका रात्रीच्या बॉम्बवर्षावात टोकियोत सुमारे एक लाख माणसे मेली होती. चित्रपटगृहात बसलेल्यांपैकी कित्येकांनी असे रस्ते आणि अशा आया पाहिलेल्या होत्या. त्या वर्षी जपानात या चित्रपटाची सुमारे ९६ लाख तिकिटे खपली. राक्षस पाहायला आलेल्या लोकांनी पडद्यावर आपलीच रात्र पुन्हा पाहिली.

रबराचा पोशाख आणि पाचपट वेळ

आता थोडे तंत्राविषयी. विज्ञान शाखेच्या मित्रांना हा भाग आवडेल आणि कला शाखेच्या मित्रांनीही तो वगळू नये.

विशेष दृश्यांची जबाबदारी एइजी त्सुबुराया यांच्याकडे होती. ‘किंग काँग’प्रमाणे लहान बाहुली चौकटी-चौकटीने हलवून चित्रण करावे ही त्यांची इच्छा. पण तसे करायला काही वर्षे लागली असती आणि हाती होते काही महिने. तेव्हा माणसालाच पोशाखात घालायचे ठरले. पहिला पोशाख सुमारे १०० किलो वजनाचा झाला. तो घालून हारुओ नाकाजिमा हा नट प्रखर दिव्यांखाली काही मिनिटेच तग धरू शकत असे. पोशाखासह नटाची उंची सुमारे दोन मीटर आणि गोजिराची मानलेली उंची ५० मीटर, म्हणजे प्रमाण एकास पंचवीस. टोकियोच्या इमारतीही याच प्रमाणात बांधल्या गेल्या.

पण केवळ लहान घरे बांधून माणूस राक्षस होत नाही. येथे गुरुत्वाकर्षण आडवे येते. दोन मीटरवरून पडलेली वस्तू साधारण ०.६४ सेकंदात जमिनीवर येते. ५० मीटरवरून पडलेलीला साधारण ३.२ सेकंद लागतात. उंची पंचवीसपट झाली की वेळ पाचपट होतो, कारण पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून चित्रण जलद गतीने करून ते नेहमीच्या गतीने दाखवायचे. मग कोसळणारी भिंत सावकाश कोसळते, पाऊल सावकाश पडते, आणि डोळ्याला त्या पावलाचे वजन जाणवते. गोजिराचा धाक निम्मा त्याच्या संथपणात आहे. तो पळत नाही, कारण त्याला पळण्याची गरजच नाही.

त्याची डरकाळीही अशीच कष्टाने मिळवलेली. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारेवरून राळ लावलेला चामडी हातमोजा घासला आणि तो आवाज कमीजास्त गतीने वाजवून पाहिला. कोणत्याही जनावराचा नसलेला, पण कोणीतरी कळवळून ओरडते आहे असा वाटणारा तो आवाज आहे.

आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात दशावतारी खेळ पाहिलेल्यांना, किंवा कारवारकडचे यक्षगान पाहिलेल्यांना, हे सारे परके वाटू नये. संकासुराच्या वेषात गावातलाच कोणीतरी असतो हे पोरासोरांनाही ठाऊक असते. तरी तो अंगावर आला की पोरे मागे सरतात. सोंग हुबेहूब असण्यावर भीती अवलंबून नसते. सोंगामागे काय उभे आहे, यावर ती अवलंबून असते.

१३ कोटींचा अवतार

गॉडझिलाचे अमेरिकन हक्क ट्रायस्टारने १९९२ साली मिळवले. आधी यान द बाँ हे दिग्दर्शक नेमले होते. पण खर्चाच्या आकड्यावरून मतभेद होऊन ते दूर झाले. पुढे ‘इंडिपेंडन्स डे’ (१९९६) या चित्रपटाने तुफान कमाई केलेली दिग्दर्शक रोलँड एमेरिख आणि निर्माते डीन डेव्हलिन यांची जोडी आली. जुन्या गॉडझिलापटांचे आपण फारसे चाहते नव्हतो, हे एमेरिख यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलेले आहे. रूपकार पॅट्रिक टाटोपोलस यांना त्यांनी मुभा दिली ती अगदी नवा प्राणी घडवण्याची. ताठ उभा राहणारा, जाडजूड, पाठीवर पात्यांसारखे काटे असलेला गोजिरा गेला. आणि आपल्या घोरपडीची आठवण व्हावी असा, पुढे वाकून वेगाने धावणारा सडपातळ सरडा आला. मथ्थ्यू ब्रॉडरिक यांच्या नायकाला या रूपकाराचेच आडनाव देण्यात आले, ही आणखी एक गंमत.

जाहिरात मोठी धूर्त होती. प्राणी पूर्ण दाखवायचाच नाही. कधी नुसते पाऊल, कधी नुसता डोळा, आणि जोडीला ‘आकाराला महत्त्व असतेच’ अशा अर्थाचे घोषवाक्य. २० मे १९९८ रोजी तीन हजारांहून अधिक चित्रपटगृहांत तो एकाच वेळी झळकला. पहिल्या आठवड्याअखेरीस गर्दी झाली. पण दुसऱ्या आठवड्याअखेरीस उत्पन्न निम्म्याहून अधिक घसरले. अमेरिकेत एकूण सुमारे १३.६ कोटी आणि जगभर सुमारे ३७.९ कोटी डॉलरची तिकिटे विकली गेली. आकडे काही लहान नाहीत. परंतु यातून चित्रपटगृहांचा वाटा आणि अवाढव्य जाहिरातीचा खर्च वजा करावा लागतो. शिवाय अपेक्षा याहून कितीतरी अधिक होती. योजलेले दोन पुढचे भाग निघालेच नाहीत. वर्षातील निकृष्ट चित्रपटांची थट्टा म्हणून दिल्या जाणाऱ्या रॅझी पुरस्कारांत ‘सर्वांत वाईट पुनर्निर्मिती किंवा पुढचा भाग’ हा मानही त्याला मिळाला.

न्यायाने बोलायचे तर चित्रपट सर्वस्वी टाकाऊ नाही. मासेमारी जहाजे मागच्या मागे ओढली जातात, न्यूयॉर्कच्या धक्क्यावर एक म्हातारा गळ टाकून बसलेला असतो आणि समुद्र फुगत येतो, हा आरंभीचा भाग झकास आहे. ज्याँ रेनो यांचा फ्रेंच गुप्तहेर हसवतो. पण पुढे? प्राणी शहरात येतो आणि चक्क हरवतो. वीस मजली जनावर लष्कराला सापडत नाही! कधी तो इमारतींच्या बरोबरीने दिसतो, तर कधी भुयारी रेल्वेच्या बोगद्यात मावतो. त्याला बाहेर काढण्यासाठी चौकात माशांचा ढीग रचावा लागतो. क्रायस्लर इमारतीचा माथा उडतो तो त्याच्या शेपटीने नव्हे, लष्कराच्याच क्षेपणास्त्रांनी. मग मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याची सुमारे दोनशे अंडी सापडतात, पिले बाहेर पडतात, आणि पुढचा बराच वेळ आपण १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’चीच उजळणी पाहत आहोत असे वाटते. अखेर ब्रुकलिन पुलाच्या दोरखंडांत अडकून विमानांच्या क्षेपणास्त्रांनी तो प्राणी मरतो.

उणे कोठे पडले?

विज्ञानात पडले असे म्हणाल, तर तो आरोप दोघांवरही येतो. उंची पंचवीसपट केली तर वजन २५ चा घन, म्हणजे १५,६२५ पट होते. हाडाचा छेद मात्र २५ चा वर्ग, म्हणजे ६२५ पटच वाढतो. परिणामी हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पंचवीसपट भार येतो. हे गणित गॅलिलिओने १६३८ सालीच मांडले होते. पुढे १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ सालच्या एका निबंधात, गोष्टीतला दहापट उंच राक्षस पाऊल टाकताच मांडीचे हाड मोडून पडेल, हे मोठ्या रंजकपणे दाखवले आहे. तेव्हा आकाराला महत्त्व असतेच, हे घोषवाक्य खरे धरले तर गॉडझिला पहिल्याच पावलाला कोसळायला हवा, जपानी असो की अमेरिकन. प्रेक्षक ही अशक्यता मान्य करूनच तिकीट काढतो. त्याची मागणी एवढीच असते की, या अशक्यतेच्या बदल्यात मला काही द्या.

पैशात उणे पडले नाही. तंत्रातही पडले नाही. त्या काळाच्या मानाने काम चांगलेच होते. उणे पडले ते एका साध्या प्रश्नाच्या उत्तरात : हा प्राणी येथे का आला आहे?

१९५४ च्या चित्रपटात या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक दृश्यात आहे. त्याला आपण जागे केले, म्हणून तो आला आहे. आणि ते उत्तर तेथेच थांबत नाही. त्याला मारू शकेल असे अस्त्र डॉ. सेरिझावा या तरुण शास्त्रज्ञाला सापडलेले आहे. पण ते एकदा वापरले की राज्यकर्ते ते शस्त्र म्हणून मागतील, ही त्याला भीती आहे. म्हणून तो आपले कागद जाळतो, अस्त्र एकदाच वापरतो आणि समुद्रतळाशी स्वतःची दोरी कापून ते ज्ञान आपल्याबरोबर संपवतो. राक्षस मरतो, पण शेवट जल्लोषाचा नाही. ताकाशी शिमुरा यांनी रंगवलेले वृद्ध पुराजीवशास्त्रज्ञ शेवटी एवढेच बोलतात की, चाचण्या चालूच राहिल्या तर असा दुसरा पुन्हा येईल. भस्मासुराची कथा आपल्याला ठाऊक आहे. येथे वर देणारा आणि हात डोक्यावर ठेवून घेणारा एकच आहे, तो म्हणजे माणूस.

१९९८ च्या चित्रपटातही अणुचाचणी आहे. पण कोणाची? फ्रान्सची! दक्षिण प्रशांत महासागरात फ्रान्सने १९९५-९६ मध्ये खरोखरच चाचण्या घेतल्या होत्या आणि त्यावर जगभर टीका झाली होती, हे खरे. पण ज्या बॉम्बच्या राखेतून गोजिरा जन्मला, तो बॉम्ब अमेरिकेचा होता. अमेरिकेत निघालेल्या गॉडझिलाने अपराधाची तेवढी एक चिठ्ठी शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकली. यात कोणाचा डाव होता असे मी म्हणत नाही. कदाचित ते नुसते सोयीचे होते. पण एकदा अपराध आपला नाही असे ठरले, की भीतीही आपली राहत नाही. मग उरते एक जनावर. तेही बिचारे अंडी घालायला जागा शोधणारे. त्याची दोनशे पिले बॉम्बने मारली जातात, आई परत येऊन त्यांच्याकडे पाहते, आणि मरताना तिच्या डोळ्यात नायक पाहतो, तेव्हा चित्रपटाला आपली करुणा हवी असते. पण तोवर दोन तास विनोद आणि पाठलाग यांतच गेलेले असतात. भीती मागितली नाही आणि शेवटी दया मागितली. दोन्ही मिळाली नाहीत.

येथे कोणी आक्षेप घेईल की, जपान्यांनी तरी मूळ गोजिराचे गांभीर्य कोठे टिकवले? आक्षेप खरा आहे. साठ-सत्तरच्या दशकांत तोहोनेच त्याला मुलांचा मित्र केला, इतर राक्षसांशी कुस्त्या खेळायला लावले. १९८४ साली त्याला पुन्हा गंभीर रूप द्यावे लागले. पण त्या थट्टेच्या दिवसांतही तो लपला नाही की पळाला नाही. म्हणूनच तोहोने पुढे आपल्या पद्धतीने निकाल दिला. २००४ च्या चित्रपटात त्यांनी हा अमेरिकन प्राणी ‘झिला’ या नावाने आणला, म्हणजे नावातला ‘गॉड’ काढून घेतला, आणि खऱ्या गॉडझिलाकडून सिडनीत अवघ्या काही क्षणांत त्याचा फडशा पाडला.

शीर आणि धड

आपले हे वार्षिक मराठी आणि कन्नड अशा दोन विभागांत निघते, म्हणून एक उदाहरण द्यावेसे वाटते. गिरीश कार्नाड यांचे ‘हयवदन’ (१९७१) हे नाटक कन्नड विभागातल्या मित्रांना नव्याने सांगायला नको. त्याची मूळ कथा आपल्या वेताळकथांतली. ती जर्मन लेखक टोमास मान यांनी १९४० साली आपल्या परीने सांगितली, आणि तेथून कार्नाडांनी ती पुन्हा आपल्या मातीत आणली. एवढा प्रवास करूनही कथा मेली नाही, उलट तिला नवे प्रश्न फुटले. दोन मित्रांची शिरे बदलली जातात. मग नवरा कोणता, शिराचा की धडाचा? कथेचा नवा अवतार घडवणे हे पाप नाही, हेच यावरून दिसते. प्रत्येक पिढीला आणि प्रत्येक भाषेला तो हक्क आहे. अट एकच : जुन्या कथेने जो प्रश्न विचारला, तो तरी विचारा, किंवा त्याच्या तोलाचा दुसरा विचारा.

१९९८ च्या गॉडझिलात नावाचे शीर जपानचे आणि धड दुसऱ्याच प्राण्याचे होते. ‘हयवदन’मध्ये काही काळाने धड शिराच्या वळणावर जाते. येथे तेवढेही घडले नाही.

याउलट नवा अवतार कसा असतो हे पुढे दिसले. २०११ साली जपानात भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाच्या अणुकेंद्राची दुर्घटना झाली. २०१६ च्या ‘शिन गॉडझिला’त राक्षस शहर तुडवत येतो आणि मंत्री-सचिव एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत जात राहतात. २०२३ साली ताकाशी यामाझाकी यांचा ‘गॉडझिला मायनस वन’ आला. युद्धात मरायला पाठवलेला, पण जिवंत परतलेला आणि त्याचीच लाज बाळगणारा वैमानिक त्याचा नायक आहे. सुमारे पस्तीस जणांच्या चमूने त्यातील ६१० विशेष दृश्ये तयार केली. एकूण खर्च दीड कोटी डॉलरहूनही कमी असल्याचे सांगितले जाते. मार्च २०२४ मध्ये त्याच दृश्यांसाठी त्याला ऑस्कर मिळाले. पंचवीस वर्षांपूर्वीच्या १३ कोटींच्या नवव्या हिश्शाइतक्या पैशात! पैशाने डोंगर पोखरता येतो. आत काय सापडावे हे पैशाच्या हाती नसते.

त्याच महिन्यात

शेवटी एक तारीख सांगून थांबतो. २० मे १९९८ रोजी हा चित्रपट अमेरिकेत लागला. त्याच महिन्यात ११ आणि १३ तारखांना आपण पोखरण येथे पाच अणुचाचण्या केल्या होत्या आणि २८ व ३० तारखांना पाकिस्तानने आपल्या केल्या. त्या दिवसांत आपल्याकडे पेढे वाटले गेले आणि निषेधाच्या सभाही झाल्या. आमची पिढी तेव्हा जन्मलीही नव्हती. त्या चाचण्या हव्या होत्या की नको होत्या, यावर आमच्या खोलीत चौघांची चार मते आहेत, आणि ती बदलावीत असा या लेखाचा हेतू नाही.

पण एवढे मनात येते की, अणुबॉम्बच्या भीतीतून जन्मलेला जगातला सर्वांत प्रसिद्ध राक्षस पडद्यावर परत आला तो नेमका त्याच महिन्यात, आणि आला तो दात काढलेला. जगाला काही विचारण्याची त्याची ती वेळ होती. त्याने विचारले ते एवढेच की, मासे कोठे मिळतील?

जपानमध्ये ‘दाइगो फुकुर्यू मारू’ हे जहाज अजून आहे. टोकियोत त्याच्याभोवती प्रदर्शनगृह बांधून ते १९७६ पासून लोकांना पाहण्यासाठी खुले ठेवले आहे. लाकडी, साधे जहाज. त्याच्यावर ना खवले आहेत ना काटे. पण राक्षस पाहायचाच असेल तर तो तेथे आहे.

माझ्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या रात्री त्याला दिले. ती बाई मुलांना काय सांगत होती ते ऐकून तो म्हणाला, “मग पहिल्या पिक्चरमध्ये अशी एकही बाई का नव्हती?” एवढा लेख लिहून मला जे सांगता आले, ते त्याने एका वाक्यात विचारले होते.